आभाळाचं फॅट काढणारे तात्या

दत्तूतात्यांनी माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात दीडएकशे फोटो काढले आणि त्यातल्या एकाही फोटोत माणूस ओळखू येत नाही. नवरी कुठली आणि केळीचा खांब कुठला, तेही छातीठोक सांगता येत नाही. चूक माझीच. फोटोवाला आळेफाट्याला गर्दीत अडकला, म्हणून मीच शहाणी म्हणाले, "तात्या, तुमच्याकडं एवढा भारीतला कॅमेरा हाय, तेवढं सांभाळून घ्या." तात्यांनी हौसेनं सांभाळलं. व्याह्यांना "जरा अलीकडं सरका" म्हणाले, विहीणबाईंना हसवलं. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघतो तर सगळे पाहुणे म्हणजे परातीतले पिठाचे उंडे!

जाऊबाई रडायलाच लागल्या. मी तणतणत तात्यांच्या घरी गेले.

"तात्या, अहो फोकस!"

"फोकस बराबर हाय," तात्या शांतपणे म्हणाले. "तीन हप्ते लागले मला तो बिघडवायला. वरून चिकटपट्टी मारलीय. एका साखरपुड्यासाठी हलवू व्हय?"

आता या माणसाशी काय भांडायचं? आणि मी तर त्यांची शेजारीण. मधे गावचा चौक, अलीकडं माझा गोठा, पलीकडं त्यांचं स्लॅबचं घर. रोज तोंड बघायचं.

आमचं गाव आळे आणि बेल्ह्याच्या मधलं. तात्यांनी सव्वीस वर्षं इथल्या दूध डेअरीवर फॅट काढलं, म्हणजे कुणाच्या दुधात किती स्निग्धांश ते मोजलं. लग्न केलं नाही. माझं माहेरही इथलंच; मी परकरी पोर असताना किटली घेऊन रांगेत उभी राहायची, तेव्हापासून बघतेय. तात्यांनी किटली जरा हलवायची, कडेवरून ओघळणारं दूध बघायचं आणि बोलायचं, "चार-एक." मग मशीनमध्ये घालायचं. मशीनही चार-एकच सांगणार. एकदा मशीननं तीन-आठ सांगितलं, तर तात्यांनी मशीन दुरुस्तीला पाठवलं. आणि मशीनच बिघडलेलं निघालं, हो!

डेअरीतून रिटायर झाल्यावर एकदा घाटघरला पाहुण्यांकडं गेले होते. तिथं पुण्याच्या एक मॅडम मुलामुलींना घेऊन तारे दाखवत होत्या. काही तारे म्हणे एकसारखे उजळ नसतात, कमी-जास्त होतात. मॅडम म्हणाल्या, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून सांगा बरं, हा किती उजळ आहे? तात्या मागून बोलले, "त्यापेक्षा जरा पातळ, ह्याच्यापेक्षा घट्ट." मॅडमनी यंत्र लावून बघितलं, तर तंतोतंत. तिथून यांना ताऱ्यांचं वेड लागलं. दोन महिन्यांत मॅडमचा एक जुना कॅमेरा तात्यांच्या स्लॅबवर, पत्र्याच्या पेटीत बसला.

आता तो फोकस कशासाठी बिघडवायचा, ते मला त्यांनी पन्नासदा सांगितलंय, म्हणून तुम्हालाही सांगते. मोठमोठ्या दुर्बिणी बारीक, अंधुक ताऱ्यांसाठी असतात. उजळ तारा समोर आला की त्यांचे डोळे दिपतात, फोटोत नुसता पांढरा डाग. "शेरभर दूध वाटीत वतल्यावर उतू जाणारच ना? मग परातीत पसरायचं. पसरलं की मोजता येतं." म्हणून तात्यांचा कॅमेरा बारका, एका नजरेत अख्खं आभाळ घेणारा, आणि मुद्दाम धूसर. प्रत्येक तारा पसरट भाकरी. मग त्या भाकरीचा उजेड मोजायचा, आणि शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडायचा. न बदलणाऱ्यांना तात्या 'इमानदार' म्हणतात. बदलणाऱ्यांना 'रतीबवाले'. कारण, त्यांचं म्हणणं, रतीबवाल्याचं दूध कधीच दोन दिवस सारखं नसतं.

सकाळी चौकात भेटले की रामराम नाही, काही नाही. "मृगातल्या काक्षीचं फॅट उतरलं जरासं," असं सांगून पुढं जाणार. एकच राग: ताऱ्याचा उजेड वाढला की त्याचा आकडा कमी होतो. "ही उलटी रीत ज्यानं काढली ना, त्याला एकदा आपल्या डेअरीवर उभा करा. गवळी बघून घेतील."

"अहो, पण जागता किती रात्रीचं?" मी एकदा विचारलं.

"जागतंय कोण? कॅमेरा आपोआप चालतो. मी नवाला पडतो, ते सहाला उठतो."

आणखी एक खोड राहिलीच. तात्या दुधाला शिवत नाहीत. सव्वीस वर्षं वास घेतला, पुरे झालं म्हणतात. कोरा चहा पितात. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या पहाटे दारात हजर! हातात वाटी. "सुमे, विरजण हाय का?" एकदा मी तापानं फणफणले होते, डोकं ठणकत होतं, त्या दिवशीही हे पाचला दार वाजवतायत. "दूध पीत न्हाई, दही खात न्हाई, विरजण काय कॅमेऱ्याला लावता का?" मी अशी खेकसले की सासूबाई जाग्या झाल्या. तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, "बरं, बरं" म्हणाले, आणि रिकामी वाटी घेऊन निघून गेले. विरजण न घेताच! मी म्हटलं, गेला हा माणूस कामातून.

तर, खरं भांडण जुंपलं ते पौषात. मी ग्रामपंचायतीत सदस्य आहे. आमच्या भागात ऊस, आणि ऊस म्हटला की बिबट्या. माझी शेळी दिवसाढवळ्या नेली. नवरा चाकणला कंपनीत, रविवारचा येणार. वर्षभर खेटे घालून मी आमच्या चौकासाठी हायमास्ट मंजूर करून आणला. उंच खांब, वर सहा दिवे, चारी बाजूंनी लख्ख. माझी छाती अशी फुगलेली! आणि ग्रामसभेत तात्या उभे राहिले.

"खांब नको."

सभेत हशा. तात्या म्हणाले, मीरा नावाचा तारा आहे. अकरा महिन्यांनी एकदा फुगतो, बाकी दिवस डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. यंदा दिवाळीपासून त्याचा चढ कॅमेऱ्यात एकसलग धरलाय, एक निरभ्र रात्र सोडलेली नाही. माघात त्याचा उजेड शिखराला पोहोचेल. नेमका आत्ता घरासमोर हा दिवा लागला तर आभाळ पांढरं होणार, आणि सगळी मेहनत पाण्यात.

माझं डोकं सणकलं. "बिबट्यानं माणूस नेला म्हंजे तुमचा मीरा येणार हाय का सोडवायला?"

तात्यांचा चेहरा एकदम उतरला. "बिबट्याचं मला नको सांगूस, सुमे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. जिंकले मी, पण घरी आल्यावर भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात ठाणठाण सुरू झालं. बघते तर काय, डेअरीतले भंगारात काढलेले दुधाचे मोठे कॅन आणून उभे चिरत होते. तीन कॅनच्या सहा अर्ध्या पन्हाळी. आतून घासून अशा चकचकीत केल्या की तोंड बघावं. "दिवा लाव," मला म्हणाले. "पर टोपी घालून लाव. तिरपा नको, सपाट खाली तोंड करून. उजेड जमिनीवर पाहिजे का ढगाला?"

ठेकेदार म्हणाला, असलं काही आमच्या कागदात नाही. सरपंच म्हणाले, झाकल्यावर उजेड कमी नाही का पडणार? तेव्हा तात्यांनी शाळेच्या पटांगणात परीक्षाच मांडली. दिवेलागणीला दोन बांबू रोवले. एकावर उघडा दिवा, दुसऱ्यावर तसाच दिवा कॅनची टोपी घालून. खाली दोन ताडपत्र्या, दोन्हींवर मूठमूठ मटकी उधळली. "ज्यांना बिबट्याचं भ्या जास्त, त्या बायांनीच यावं. कुणाची येचून आधी होती, बघू."

मी हट्टानं उघड्या दिव्याखाली बसले. समोरून झगझगीत उजेड डोळ्यांत, आणि मटकी काही दिसेना. हाताला लागेल ती उचलतेय. पलीकडच्या ताडपत्रीवर कोण बसावं? माझ्या सासूबाई! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या. माझी निम्मीही झाली नव्हती तोवर त्यांनी सगळी वेचली, वर दोन खडे वेगळे काढून सरपंचांच्या हातावर ठेवले. "ह्यो दिवा बेस हाय," म्हणाल्या. "डोळ्यात घुसत न्हाई."

पटांगण हसून हसून लोळलं. घरातूनच फितुरी! मीच ठराव मांडला. खांबावर सहा दिवे आणि सहा दुधाच्या टोप्या चढल्या. चौकात सुई दिसेल असा उजेड, आणि मान वर केली की आभाळ आपलं काळंभोर.

माघात एका संध्याकाळी तात्यांनी सगळ्या गावाला शाळेमागच्या पटांगणात बोलावलं. पश्चिमेकडं बोट केलं. तिथं एक तांबूस तारा, चांगला टपोरा. "दिवाळीत हितं काय व्हतं? काई न्हाई. आज बघा!" म्हातारी गोदाआजी म्हणाली, "नवीन बसवला का?" तेवढ्यात मॅडमचा फोन आला. तात्यांनी स्पीकरवर टाकला. मॅडम सांगत होत्या, दुसऱ्या गावांतल्या त्यांच्या बाकीच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर आठवडाभर ढग होते. चढावाचा शेवटचा, सगळ्यात मोलाचा भाग फक्त तात्यांच्या कॅमेऱ्यात आला. "तुमची रेघ कुठंही तुटली नाही, तात्या! आमचा आलेख तुमच्यामुळं पुरा झाला."

हलगी कुणी आणली होती देव जाणे, पण ती कडाडली. सरपंचांनी "आपल्या गावचा तारा" असं जाहीरच करून टाकलं. तात्यांना खांद्यावर घेतलं, शाल घातली, भाषण कर म्हणाले. तात्यांनी शाल सारखी केली. "फॅट चांगलं लागलं," एवढंच बोलले. मी तर घसा बसेपर्यंत ओरडले. अभिमानच वाटला मला, खोटं कशाला सांगू?

तो आलेख ग्रामपंचायतीत लावायचं ठरलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तात्यांची वही घरी आणली. डेअरीचंच जुनं रजिस्टर, उभे रकाने पाडलेले. मीरा. काक्षी. आणखी दोन तारे. आणि शेवटचा रकाना, 'सु. गो.' मला वाटलं, ताराच असेल कुठलातरी. पण त्याखाली आकडे नव्हते, वेळा होत्या. "४.१० लागला, ५.०५ विझला. ठीक." "४.०५ लागला, ५.०० विझला. ठीक." पानंच्या पानं, रोज, पेनानं.

सुमीचा गोठा! पहाटे चारला मी धारा काढायला गोठ्यात जाते. एकटी. गोठ्याला लागून ऊस. बल्ब लावते, काम उरकलं की विझवून घरात येते.

मधेच एका ओळीवर बोट अडलं. "लागला न्हाई. जाऊन बघितलं. ताप हाय. ठीक." तारीख बघितली. विरजणाचा दिवस! पुढं आणखी चार-पाच तसल्याच ओळी. "लागला न्हाई. जाऊन बघितलं. उशिरा उठली." "लागला न्हाई. जाऊन बघितलं. पावणं आलेत." कॅमेऱ्याच्या फोटोत कडेला माझ्या गोठ्याचा बल्ब येत होता. उघडा हायमास्ट लागला असता तर ताऱ्याबरोबर तोही त्या झगमगाटात बुडाला असता. आणि भर सभेत मी या माणसाला बिबट्या शिकवला होता! मी वहीवर डोकं ठेवून रडले.

दुसऱ्या पहाटे धारा काढल्या, बल्ब विझवला आणि तिथंच उभी राहिले. चौकापलीकडं तात्यांच्या खिडकीत बारका तांबडा दिवा होता. जरा वेळानं तोही विझला. नवाला पडणारा माणूस आत्ता पाचला पडत होता.

उजाडल्यावर मी वाटीभर विरजण घेऊन त्यांच्या दारात गेले.

तात्या डोळे चोळत आले, वाटीकडं बघितलं. "हे कशाला? मी दूध पीत न्हाई."

"मला म्हाईत हाय," मी म्हणाले. "जाऊन बघितलं. ठीक."