हलव्याच्या दागिन्यांचा योग्य वर्ग

माणूस काय करतो याला जगात फारसं महत्त्व नाही. तो कोणत्या खणात ठेवला गेला आहे, याला आहे. हे मी अनुभवाने सांगते. ठाण्याच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लावली. शेवग्यावरचं एक पुस्तक मी 'आरोग्य' या खणात ठेवलं होतं. सात वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. मग ते 'पाककृती'त हलवलं, तर दोन महिन्यांत त्याची पानं सुटली. पुस्तक तेच होतं, शेवगाही तोच.

म्हणून आमच्या शेजारच्या हेमाची सून समीक्षा डिसेंबरात फॉर्म घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा ती योग्य ठिकाणी आली होती, असं मला तरी वाटलं.

हेमा हलव्याचे दागिने करते. मंद आचेवर परात ठेवून, तिळावर चमचा चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं, म्हणजे हलव्याला काटा येतो. मग त्याचे मुकुट, बाजूबंद, नथ, जावयासाठी हार आणि नारळ. (हल्ली जावई हलव्याचं घड्याळही मागतात. वेळेवर मात्र येत नाहीत.) नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला हे लागतं. रथसप्तमी झाली की वर्षभर कोणी विचारत नाही, आणि पावसाळ्यात साखर पाघळते. कल्याणचा जो दुकानदार वीस वर्षं तिचा माल ठेवत होता त्याने दिवाळीत दुकान बंद केलं. हेमाच्या कपाटात चाळीस संच तयार होते.

समीक्षाने वेबसाइट केली. छान केली. पण वेबसाइट असून भागत नाही, ती कोणालातरी सापडावी लागते. त्यासाठी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या व्यवसायांची एक अत्यंत शिस्तशीर सूची इंटरनेटवर आहे. तिच्यात एक हजार एकशे सेहेचाळीस वर्ग आहेत आणि 'इतर' हा वर्ग नाही. 'आमच्याकडे कोणीही इतर नाही,' असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे. वाचून माझे डोळे पाणावले. वाचनालयात आमचं निम्मं कपाट 'इतर' होतं.

नियम सोपे होते. एका व्यवसायाला एकच वर्ग. अर्ज करण्याच्या संधी तीन.

पहिला अर्ज आम्ही 'दागिने' या वर्गात केला. 'धातू नमूद नाही' या कारणास्तव तो नामंजूर झाला. हे योग्यच होतं. धातू नव्हताच.

दुसरा अर्ज 'मिठाई'त. तोही नामंजूर. कारण: 'छायाचित्रात ग्राहकाने खाद्यपदार्थ गळ्यात घातलेला आढळला.' हेही खरंच होतं.

"काकू, आता एकच चान्स आहे," समीक्षा म्हणाली. "काहीही टाकूया का? गिफ्ट आर्टिकल वगैरे?"

"काहीही टाकायचं नाही," मी म्हटलं. "खाली बघ, 'योग्य वर्ग सुचवा' असं बटण आहे. प्रश्न विचारतायत. खरी उत्तरं द्यायची."

"तुम्ही दोघी काय ते ठरवा," हेमा म्हणाली. "माझी परात गॅसवर आहे."

प्रश्न उत्तम होते. इतके मुद्देसूद प्रश्न मला वाचनालयातल्या कोणत्याही सभासदाने विचारले नव्हते.

ही सेवा आयुष्यात किती वेळा लागते? एकदा. (पहिली संक्रांत दुसऱ्यांदा येत नाही.)
त्या वेळी नातेवाईक जमतात का? जमतात.
कपड्यांचा रंग? काळा.
मुख्य घटक? तीळ.
ज्या व्यक्तीसाठी साहित्य घ्यायचं ती स्वतः खरेदीला येते का? नाही. (सासू येते.)
दिलेलं साहित्य परत घेता का? नाही.
पर्यायी संपर्क? तिथे मी माझ्या घरचा फोन दिला, कारण मी घरीच असते.

चार मिनिटांत अर्ज मंजूर झाला. वर्ग: 'अंत्यविधी सेवा व साहित्य'.

समीक्षाने ते पान दोनदा बंद करून पुन्हा उघडलं. मी सगळी उत्तरं पुन्हा तपासली. एकही चुकीचं नव्हतं. वर्ग बदलण्यासाठी अर्जाची सोय होती, त्याला पंचेचाळीस दिवस लागणार होते. संक्रांत अठरा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी हेमाला पहिला फोन आला. खोपटच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, त्र्यंबक नावाचे गृहस्थ, लिफ्टमध्ये लावायला उपयोगी नंबरांची यादी करत होते. आम्ही हेमाला वर्गाचं सांगितलं नव्हतं. तिने आनंदाने फोन स्पीकरवर ठेवला.

"आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. सामान किती वेळात पोचतं?"

"चार दिवस आधी सांगावं लागतं. हाताचं काम आहे, माप लागतं."

"चार दिवस आधी कसं सांगणार, बाई?"

"का? तारीख ठरलेली असते की."

"तुमच्याकडे ठरलेली असते?"

"सगळ्यांचीच. चौदा जानेवारी. अगदीच नाही जमलं तर रथसप्तमीपर्यंत चालतं."

त्र्यंबकरावांनी "बरं, कळवतो" म्हणून फोन ठेवला. नंबर त्यांनी यादीत घातला, असं पुढे कळलं. सूचीतून आलेलं ते एकमेव गिऱ्हाईक. मग आम्हाला हेमाला सगळं सांगावं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परात धुवायला घेतली. मी घरी आले.

चाळीस संच गेले ते गोदूबाईमुळे. गोदूबाई कोपर स्टेशनबाहेर भाजी विकते आणि कोणत्याही सूचीत नाही. हेमा तिच्याकडे मटार घ्यायला गेली आणि तिथेच तिला रडू आलं.

"रडतेस काय गं?" गोदूबाई म्हणाली. "एक मुकुट आण, माझ्या टोपलीवर अडकव. भोगीची भाजी कोणाच्या घरात चुकते?"

भोगीच्या आठवड्यात गाजरं, बोरं आणि हरभऱ्याच्या डहाळ्यांवर एक पांढराशुभ्र मुकुट बसला. सदतीस संच संक्रांतीपर्यंत गेले, उरलेले तीन बोरन्हाणांना. गोदूबाईने एकालाही प्रश्न विचारला नाही. फक्त, "नवी सून का बाळ?"

फेब्रुवारीत सूचीकडून हेमाला पाच ताऱ्यांचं प्रशस्तिपत्र आलं. तिच्या वर्गात एकाही लाभार्थीने तक्रार केलेली नाही, असं त्यात म्हटलं आहे. हेमाने मग आपला नंबर काढून टाकायला लावला. त्याची तिथे सोय होती. पर्यायी संपर्क काढण्याची नव्हती.

त्यामुळे त्या वर्गात आता फक्त माझा फोन आहे. पाच तारे आहेत आणि मी घरीच असते. तुम्ही आत्ता हसत आहात, पण या वर्गाची गरज प्रत्येकाला आयुष्यात एकदा पडते, तुम्हालाही पडेल. संकोच करू नका. फक्त चार दिवस आधी कळवा.