चार तोंडं आणि अननसाचा सॉस

"सॉस म्हणजे काय हो मोठंसं! फळ वाटायचं, साखर घालायची, आटवायचं! मी माणसाचं अख्खं तोंड नव्याने बसवून देतो, तिथे अननसाची काय मिजास!"

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जावईबापूंनी ही घोषणा केली, तेव्हा बायको भांडी पुसत होती. तिने मानही वर केली नाही.

"तोंड बसवून देता, खरंय. माझ्या बाबांचं मात्र अजून बसलेलं नाही!"

घाव वर्मी लागला. जावईबापूंचा धंदा कवळ्या करण्याचा. दुकानावर हातभर लांब पाटी, 'कवळीतज्ज्ञ'. अर्धं गाव त्यांच्या दातांनी जेवत होतं. पण सासऱ्यांसाठी म्हणून जीव ओतून केलेली कवळी! ती तीनदा घासली, दोनदा नव्याने बसवली, तरी सासरेबुवांचं एकच म्हणणं, "टोचते!"

सासरेबुवा कोर्टात कारकून होते. जन्मभर 'पुढची तारीख' ऐकल्यामुळे कुठल्याच गोष्टीचा निकाल लावायची त्यांना सवय नव्हती. कवळी ते तोंडात नव्हे, शर्टाच्या खिशात ठेवत आणि रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर पुराव्यासारखी बाहेर काढत. "ही पाहा जावयाची कवळी. टोचते!"

पाहायला तिघे मित्र असत. निवृत्त हेडमास्तर, ज्यांचे चार दात उरले होते आणि चारही एकमेकांशी फटकून राहत. निवृत्त बसड्रायव्हर, ज्यांचा एकही उरला नव्हता. आणि मौनीबुवा. तोंड उघडलं की त्यांची जुनी कवळी घरंगळायची, म्हणून बिचाऱ्यांनी दोन वर्षं फक्त मान हलवून संसार केला होता! तिघांनाही नवी कवळी हवी होती आणि तिघेही निकालाची वाट पाहत होते.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी जावईबापू बाकासमोर जाऊन उभे राहिले. "रविवारी चौघंही जेवायला या! भाजलेलं मटण, बोकडाची अख्खी मांडी! बाबा, या कवळीने ती चावून खाल्लीत, तर चारचौघांत कबूल करायचं की टोचत नाही."

"आणि नाही खाता आली तर?"

"तर पाटी उतरवतो!"

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं निघून गेलं, ते जावईबापूंना आजही उमगलेलं नाही. नुसतं भाजलेलं मटण कोरडं लागेल, म्हणून वर अननसाचा सॉस, ही अक्कलही त्यांचीच.

तर, दोन अननस आणले. पहिला सोलला, वाटला, साखर घातली, गॅसवर चढवला. बायको म्हणाली, "दहा मिनिटांत उतरवा. चमच्यावरून ओघळला पाहिजे."

"ओघळणारी वस्तू आमच्या धंद्यात कच्ची समजतात! नीट घट्ट होऊ दे!"

घट्ट झाला! पाऊण तासाने पातेल्यात डाव आपोआप उभा होता. जावईबापूंनी डाव ओढला, तर पातेलंही बरोबर आलं. बायकोने पातेलं धरलं, त्यांनी डाव धरला, आणि रस्सीखेच सुरू झाली. कोणीच हरेना! शेवटी दुकानातून कवळ्या कोरायचं यंत्र आणून डाव मोकळा करावा लागला. खालून पातेल्याच्या तळाचा साचा निघाला, कल्हईच्या ओरखड्यांसकट! इतका सुबक साचा आपण धंद्यातही कधी काढला नव्हता, असं जावईबापू स्वतःच कबूल करतात.

"चूक सापडली," ते म्हणाले, "चूक आगीची! दुसरा अननस शिजवायचाच नाही!"

दुसरा कच्चाच वाटला. आलं, मिरी, मीठ, साखर. प्रत्येक चिमटीनंतर चव बघायची! एकदा गोड कमी, एकदा तिखट कमी, असे पंचवीसेक चमचे पोटात गेले. मग मांडीला चिरा पाडून सॉस चोपडला.

"अहो, खाटीक म्हणत होता, कच्चा अननस मांस विरघळवतो, अर्ध्या तासावर ठेवू नका," बायको म्हणाली.

"अर्ध्या तासात कधी काही मुरतं का? आमच्यात एक नियम आहे. घाई केली की कवळी हलते! उद्यापर्यंत राहू दे."

अननसाने मटणावर काम सुरू केलं. त्याआधी त्याने जावईबापूंच्या जिभेवर केलंच होतं. रविवारी सकाळी ते उठले, तर जीभ सोलवटलेली, सुजलेली, तोंडात दुसऱ्या कुणाची तरी ठेवल्यासारखी! 'चहा दे' म्हणायला गेले, तर नुसती वाफ बाहेर आली.

"काय?" बायकोने विचारलं. त्यांनी मौनीबुवांसारखी मान हलवली आणि मांडी ओव्हनमध्ये चढवली.

दुपारी चौघे हजर. सासरेबुवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चक्क कवळीही! मित्र पंचांसारखे ओळीने बसले. जावईबापूंनी मोठ्या रुबाबात ओव्हन उघडला.

आत हाड होतं. एकटंच. धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ! भोवती तपकिरी मलमासारखं काहीतरी पसरलं होतं.

"मटण कुठंय?" बायको कुजबुजली.

"आत होतं," जावईबापू जेमतेम बोलले. त्यांनी सुरी टोचली. सुरीला काही लागलंच नाही! चावायची परीक्षा ठेवली आणि चावायलाच काही उरलं नाही! डोळ्यांपुढे पाटी उतरताना दिसली.

बाहेरून हेडमास्तरांची हाक आली, "वेळ झाली हो!"

बायकोने एकवार नवऱ्याकडे पाहिलं. रागवायचं तिने पुढे ढकललं. "डाव द्या," ती म्हणाली. "आणि चेहरा सरळ करा. हे असंच करायचं होतं, समजलं?"

मटण डावाने वाढलं गेलं. सासरेबुवांनी एक घास घेतला. थांबले. सासरेबुवांनी सावकाश दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि ताटाशेजारी ठेवली.

संपलं! जावईबापूंनी भिंत धरली. "तोततेय का, बाबा?" त्यांनी सुजलेल्या जिभेने, रडवेल्या आवाजात विचारलं.

सासरेबुवांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. मग बोळक्या तोंडाने म्हणाले, "नोंद घ्या! बारा वर्षांनी मटण खातोय. दातच लागत नाहीत!"

मग काय विचारता! बसड्रायव्हरांनी ब्रेक न लावता तीन ताटं संपवली. हेडमास्तरांचे चारही दात आयुष्यात पहिल्यांदा एकमताने स्वस्थ बसले. मौनीबुवांनीही आपली कवळी काढून खिशात टाकली. "कच्च्या अननसाचा सॉस लावलाय," बायकोने वाढता वाढता सांगून टाकलं. घरात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला पुरुष एकच होता, आणि तो कोपऱ्यात बसून थंड दूध पीत होता.

"निकाल?" जावईबापूंनी धीर करून विचारलं.

"कसला निकाल? कवळी वापरलीच नाही," सासरेबुवा ताट पुसत म्हणाले. "पुढची तारीख!"

सोमवारी दुकान उघडतं न उघडतं, तोच तिघे मित्र दारात! जावईबापूंचा हर्ष गगनात मावेना. झटकन खुर्ची पुसली, माप घ्यायचा साचा हातात घेतला. "या या! आधी कोण बसतंय?"

बसलं कोणीच नाही. तिघांनी आपापल्या पिशवीतून एकेक रिकामी बरणी काढली आणि ओळीने टेबलावर ठेवली. मग मौनीबुवांनी एका हाताने कवळी दाबून धरली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बोलायला तोंड उघडलं.

"कच्चाच द्या हं!"

तेव्हापासून दर शनिवारी जावईबापू अननस सोलतात. पाटी अजून जागेवर आहे. तिच्याखाली बरण्या असतात, एवढंच.

आणि सासरेबुवा? ते आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत कवळी घालून असतात! जेवताना फक्त काढतात. बाकी वेळ घालतात, कारण सॉसचं कौतुक बोळक्या तोंडाने स्पष्ट होत नाही ना! टोचल्याची तक्रार नाही की हलल्याची नाही. परवा जावईबापू बरण्या द्यायला बागेत गेले, तर बाकावर एक नवे आजोबा बसले होते. ते सासरेबुवांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"वा! दात काय सुरेख बसलेत हो! अगदी जन्माचे वाटतात. केले कुणी?"

जावईबापूंनी बरण्या खाली ठेवल्या, कॉलर सारखी केली आणि एक पाऊल पुढे आले.

"दातांचं काय घेऊन बसलात!" सासरेबुवा बत्तीशी दाखवत म्हणाले. "सॉस खाऊन बघा सॉस! माझ्या जावयाने केलाय!"