पिंपळझिरीचे अँटी-उंदीर खाते

कोणत्याही राज्यात आधी शब्द येतो, मग खाते येते, मग खात्याला खुर्ची येते आणि जागा उरलीच तर काम येते. हा क्रम मोडणारी राज्ये फार काळ टिकत नाहीत, असे जाणकार सांगतात. (जाणकारांना खुर्ची मिळालेली असते.)

धारहून नालछ्याकडे जाताना लागणारे पिंपळझिरी हे चिमुकले ठिकाण, म्हणजे जहागिरीएवढे संस्थान, या क्रमाला धरून होते. प्लेगाच्या सालात ठिकाणदार भैयासाहेबांनी इंदुराहून जंतुनाशकाची एक बाटली मागवली. तिच्यावरचे इंग्रजी वाचायला शाळेतल्या उमाशंकर मास्तरांना पाचारण झाले.

"हुजूर, यातला 'अँटी' हा मूळचा ग्रीकांचा," मास्तर म्हणाले. "अर्थ, विरुद्ध. इंग्रज लोक तो दुसऱ्या शब्दाच्या आधी जोडतात. ज्याला जोडला, त्याची खैर नाही."

"बस, इतकंच?" भैयासाहेब खूष झाले. "मग आपल्या उंदरांना जोडा की!"

अशा रीतीने अँटी-उंदीर खाते जन्माला आले. त्याच्या दारोगापदी मानाजीरावांची नेमणूक झाली. मानाजीराव फीलखान्याचे दारोगा होते. ठिकाणाचा एकुलता एक हत्ती वारल्यापासून ते रिकाम्या फीलखान्यावर इमानाने पहारा करत आणि नोकरी कधी जाते याची वाट पाहत. हत्ती सांभाळलेल्या माणसाला उंदीर काय जड, असा दरबाराचा विचार पडला. शिवाय दोन्ही नोकऱ्या एकाच देवाघरच्या होत्या.

घरी तर सोन्याचा दिवस उगवला. मुलगी यमुना लग्नाची होती आणि देवासचे यशवंतराव आपल्या मुलासाठी तिला पसंत करूनही अडून बसले होते. हत्तीशिवायचा फीलखान्याचा दारोगा व्याही म्हणून सांगायचा कसा, ही त्यांची अडचण. नव्या हुद्द्याची बातमी ऐकताच त्यांनी होकार कळवला. 'अँटी' म्हणजे काय हे त्यांना समजले नव्हते, म्हणूनच आदर वाटला.

इथवर सगळे कायदेशीर होते. मग मानाजीरावांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी काम केले.

हत्तीची सवय असल्यामुळे थोडके काम त्यांना जमत नसे. त्यांनी बिळे बुजवली, पिंजरे लावले, मांजरांना सरकारी दूध मंजूर करून घेतले. (गणेशोत्सवात खाते बंद असे; देवाच्या वाहनाविरुद्ध कारवाई कोण करणार? त्या दिवसांत पिंजऱ्यांना हळदकुंकू वाहत.) दिवाळीच्या सुमारास पिंपळझिरीत औषधालाही उंदीर उरला नाही. मास्तरांच्या अहवालानुसार उंदरांचे प्रमाण शेकडा शून्य आणि मांजरांचे वजन सव्वापट झाले होते.

भैयासाहेबांनी भर दरबारात पाठ थोपटली. "शाबास भिया! कमाल केलीत. आता उंदीर खतम, तर खाता भी खतम. साखरपुडा उरकून घ्या आणि मग किल्ल्या जमा करा."

मानाजीराव घरी आले आणि पागोटे न काढताच पाटावर बसले. पोरीचे ठरलेले लग्न आपल्याच हातांनी मोडले, असे त्यांनी बायकोला सांगितले.

भवानीबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला. "अहो, सगळे मारायला कुणी सांगितलं होतं? पिठाचा डबा मी कधी तळापर्यंत खरवडते का? मूठभर मागे ठेवायचं असतं, मगच भांडं भरतं. एवढं तुम्हाला कळू नये?"

राज्यशास्त्राचा इतका मोठा सिद्धांत आपल्या चुलीपाशी पडून होता, हे मानाजीरावांना ठाऊक नव्हते. ते तडक देवासला गेले आणि यशवंतरावांना खरे काय ते सांगून मोकळे झाले.

यशवंतरावही अडकले होते. व्याही 'अँटी' असल्याचे त्यांनी अख्ख्या देवासला सांगून ठेवले होते. आता माघार घ्यावी तर स्वतःचीच अब्रू जाणार.

"उंदीरच पायजेत ना, भिया?" ते म्हणाले. "आमच्या गावात दो-दो राज. उंदरांची काय कमी?"

रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीच्या राजाची, दुसरी धाकट्या पातीच्या राजाची, अशी देवासची रचना. यशवंतरावांनी दोन्ही बाजूंनी सारखेच उंदीर धरवले, म्हणजे कोणाचा मानापमान नको. करंड्याही वेगळ्या केल्या, कारण दोन पातींचे उंदीर एका पंगतीला कसे बसणार? साखरपुड्याच्या मिरवणुकीत साखरेच्या करंड्यांमागोमाग या करंड्या पिंपळझिरीत शिरल्या. नाकेदाराने त्या उघडल्या नाहीत. शुभकार्याची करंडी उघडायची नाही, असा आपल्याकडे कायदा आहे. (कुठेही लिहिलेला नाही, म्हणून पाळला जातो.) सनई जोरात असताना मानाजीरावांनी सरकारी कोठाराच्या मागे झाकणे काढली.

त्याच आठवड्यात भैयासाहेबांच्या दरबारी अंगरख्याची एक बाही कोणीतरी कुरतडली. खाते जागच्या जागी कायम झाले, वर एक नायबही मिळाला. यमुनेचे लग्न थाटात लागले.

पुढे त्या शब्दाची चटकच लागली. अँटी-लाच खाते निघाले. त्याच्या शिपायाला खूष केल्यावाचून आत जाता येत नसे. अँटी-दिरंगाई खात्याला मंजुरी मिळाली, जागा अजून मिळायची आहे. अँटी-खुशामत खात्याचे प्रमुख रोज सकाळी भैयासाहेबांच्या दूरदृष्टीची तारीफ करून कामाला लागत.

मानाजीरावांनी मात्र कोणताही गवगवा केला नाही. दर शनिवारी कोठाराच्या मागे जाऊन ते मूठभर दाणे टाकीत आणि मग पिंजरे लावीत. सुरुवातीला त्यांना लाज वाटे. पुढे पुढे एखादा गुबगुबीत उंदीर दिसला की मेलेल्या हत्तीची आठवण येऊन जीव कळवळे. पेन्शनीत निघताना त्यांनी नायबाला किल्ल्या दिल्या आणि दाण्यांचा डबा दिला. डबा आधी दिला.

आता ठिकाण गेले आणि खातेही गेले. आपण सुज्ञ आहात. अशा गोष्टींना आपला सक्त विरोध असणार. कोणाचा भावकीला असतो, कोणाचा सुनेला, कोणाचा सरकारला, कोणाचा हल्लीच्या पोरांना. त्या विरोधावरच चारचौघांत आपली ओळख आहे. तेव्हा हसून झाले असेल तर उठा. आपल्याही कोठाराच्या मागे दाण्यांची वेळ झाली आहे.