काट्यावरची कॅराव्हॅन

हुसेनमियाँना आजवर कोणी फसवलेलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना समोरच्याकडे असं रोखून बघत, की त्याच्या मनात काही असेलच तर त्याने आत्ताच ते सोडून द्यावं! सौदीतल्या अल खर्जच्या एका मोठ्या डेअरी फार्मवर ते बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. बोल्टांची गोणी आली की बोल्ट मोजत. मोजून झाले की मोजणाऱ्याचा संशय येऊन पुन्हा मोजत. मोजणारेही तेच!

असा माणूस जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेईल, यावर कोणाचाही विश्वास बसला नसता. पण हट्ट जोहराचा होता. त्यांची बायको जोहरा दाभोळची, उठल्याबरोबर खाडी बघायची सवय असलेली. ती त्याच फार्मच्या प्रयोगशाळेत दुधातलं फॅट मोजायची आणि खिडकीतून वाळवंट बघायची. मुलगी इफरा पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी पुण्याला निघणार होती. त्याआधी तिघांनी चार दिवस उकैरच्या किनाऱ्यावर राहायचं, लाटा ऐकत झोपायचं, एवढंच जोहराचं मागणं.

"गुरुवारी सुट्टी लागतेय. या गुरुवारी नाही निघालो तर मग कधीच नाही," ती म्हणाली. ती मुळात कमी बोलायची, त्यामुळे हे वाक्य घरात चार दिवस ऐकू येत राहिलं.

कॅराव्हॅन बुरैदाच्या एका शिक्षकाकडून आली. त्याने ती स्वतः दारात आणून सोडली, आणि वर खजुरांचा डबा फुकट दिला. तिथेच हुसेनमियाँच्या मनात पाल चुकचुकली.

"फुकट? का म्हणून?"

"चांगला माणूस आहे म्हणून," जोहरा म्हणाली.

"चांगला माणूस फुकट खजूर देतो? नक्कीच काहीतरी लपवतोय!"

कॅराव्हॅनच्या पाटीवर वजन साडेतेराशे किलो लिहिलं होतं. जोहराने आपल्या सात सीटच्या ऑटोमॅटिक गाडीचं पुस्तक आधीच वाचून ठेवलं होतं. गाडी पंधराशे किलो ओढू शकत होती. मागे हूकही बसवून घेतला होता.

"माझी गाडी पुरते," ती म्हणाली.

"पाटी काय, कोणीही छापतं! मी वजन करणार. आणि ते वजन बघून गाडी मी निवडणार!"

फार्मवर दुधाचे टँकर नि चाऱ्याचे ट्रक तोलायचा मोठा काटा होता. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, आणि बाजूच्या काचेच्या खोलीत चिपळूणचा बाळाराम. रविवारी ट्रॅक्टरने कॅराव्हॅन फलाटावर आणून सोडली. हुसेनमियाँ लगेच तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. एक हात कॅराव्हॅनवर, नजर बाळारामवर. साक्षीदार म्हणून मेहुणा नदीमलाही शेजारी उभा केला.

बाळारामने खिडकी उघडली. "चाचा, तिथनं खाली उतरा!"

"का? मी उतरलो की तू आकडा फिरवणार!"

"अवो, मी कशाला फिरवू? तुमी सुद्धा त्यात..."

"मी सुद्धा त्यात फसेन, असं वाटलं होय तुला? छाप चिठ्ठी!"

बाळारामने कपाळावर हात मारला आणि चिठ्ठी छापली. पंधराशे चाळीस!

"बघितलंस, नदीम? दोनशे किलोचं खोटं! आणि तुझ्या बहिणीची गाडी म्हणे पुरते!"

"पण दुल्हाभाई, तो बाळाराम काहीतरी सांगत होता..."

"सांगणारच! पकडला गेलेला माणूस फार बोलतो."

सोमवारी दोघं जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथल्या मलबारी विक्रेत्याने एक भरभक्कम ऑटोमॅटिक जीप पुढे काढली.

"चाचा, कॅराव्हॅन खींचना है तो ऑटोमॅटिक लो. रेत में मॅन्युअल का क्लच जल जाएगा."

हुसेनमियाँ आयुष्यभर फार्मची मॅन्युअल व्हॅन चालवत आले होते. जीप चाळीसच्या पुढे गेली, आतून बारीक हूं असा आवाज आला, आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"कोणी बदलला गिअर?"

"अपने आप बदलता है, चाचा."

"मला न विचारता?" त्यांनी सीटखाली वाकून बघितलं. "आणि कधी बदलायचा ते कोण ठरवतं?"

"गाडी ठरवते, दुल्हाभाई," नदीम म्हणाला.

"आतल्या आत ठरवते, आणि मला नुसतं हूं करून कळवते? एवढं घरी होतंच की! गाडीत नको."

रात्रभर त्यांना तो आकडा छळत राहिला. पंधराशे चाळीस तरी खरा कशावरून? मंगळवारी पुन्हा काटा! एका साक्षीदारावर भागत नाही म्हणून मेसमधून आणखी चौघांना उचललं. सहाच्या सहा जण फलाटावर कॅराव्हॅनभोवती कडं करून उभे राहिले, लग्नात नवऱ्याचे बूट सांभाळायला राहतात तसे.

"चाचा, पाया पडतो, उतरा!" बाळाराम ओरडला.

"आज तर मुळीच नाही!"

अठराशे साठ!

दोन दिवसांत तीनशे वीस किलो? हुसेनमियाँनी कॅराव्हॅनच्या भिंती वाजवून पाहिल्या. गाद्या हुंगल्या. सिंकच्या नळीत बोट घातलं, आणि ते काढायला अर्धा तास नि पाव वाटी खोबरेल लागलं. सापडलं काहीच नाही, आणि काहीच सापडू नये हेच सगळ्यात संशयास्पद होतं! त्यांनी दाराला तीन कुलुपं लावली.

बुधवारी दहा जण आले. चार फलाटावर, चार आत झडती घ्यायला, नदीम दारात, आणि मधोमध हुसेनमियाँ. बाळारामने आज खिडकीसुद्धा उघडली नाही. तो नुसता डोकं टेबलावर ठेवून बसला.

दोन हजार एकशे ऐंशी!

"वाढतेय!" हुसेनमियाँ किंचाळले. "गाभण गायीसारखी दिवसागणिक वाढतेय! उद्यापर्यंत अडीच हजारावर जाईल! नदीम, यल्ला, बाजारात चल!"

संध्याकाळी दारात हॉर्न वाजला. जोहरा नि इफरा बाहेर आल्या. समोर पिकअप उभा होता. मॅन्युअल, साडेतीन टन ओढणारा, आणि इतका उंच, की हुसेनमियाँ त्यातून उतरले ते गच्चीवरून उतरल्यासारखे.

"गिअर माझ्या हातात!" ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हाच बदलणार!"

जोहराने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"सीट किती?"

"दोन. पण इंजिन बघ..."

"आपण किती?"

हुसेनमियाँनी मोजलं. मग सवयीने पुन्हा मोजलं.

"इफरा कॅराव्हॅनमध्ये बसेल," ते चाचरत म्हणाले.

"अब्बा, प्लीज! चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणी बसत नाही! इट्स इल्लीगल!"

"चिठ्ठ्या दाखवा," जोहरा म्हणाली.

तिने तिन्ही चिठ्ठ्या पायरीवर ओळीने मांडल्या आणि पेन्सिल घेतली.

"वजन होताना तुम्ही कुठे होता?"

"तिथेच! फलाटावर! लांबून कसली नजर ठेवणार?"

"आणि साक्षीदार?"

"माझ्याबरोबर. रविवारी नदीम. मंगळवारी सगळे धरून सहा. आज दहा."

जोहराने शांतपणे लिहायला घेतलं. "माणशी ऐंशी किलो धरा. दोघांचे एकशे साठ. सहांचे चारशे ऐंशी. दहांचे आठशे." तिने तीन वजाबाक्या केल्या आणि कागद त्यांच्या हातात दिला.

तेराशे ऐंशी. तेराशे ऐंशी. तेराशे ऐंशी.

हुसेनमियाँनी वजाबाक्या दोनदा तपासल्या. दुर्दैवाने बरोबर होत्या.

"बाळारामने उतरायला नाही सांगितलं?"

"सांगत होता की! रोज सांगत होता! म्हणून तर संशय आला!"

इफरा तोंडात ओढणी कोंबून घरात पळाली.

त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. "पिकअप परत घेशील?" पलीकडून आवाज आला, "चाचा, नाम पे चढ़ गया. खलास!"

"उद्या सकाळी सहाला निघायचं," जोहरा म्हणाली. "कॅराव्हॅन माझ्या गाडीला लावते. तुम्ही मागच्या सीटवर बसा."

बायकोने गाडी चालवायची, गिअरने आपलं आपण ठरवायचं, आणि आपण मागे बसायचं? त्यापेक्षा हुसेनमियाँनी शोध लावला, की पुढच्या गाडीतून कॅराव्हॅन नीट दिसतच नाही. मागून कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं!

अशी गुरुवारी ती वरात निघाली. पुढे जोहरा, शेजारी इफरा. कॅराव्हॅन त्यांच्या मागे निवांत डुलत होती. आणि तिच्या मागे, साडेतीन टन ओढणाऱ्या पिकअपमध्ये, काहीही न ओढणारे हुसेनमियाँ! कॅराव्हॅन जरा हलली की ते दिवे मारत. जोहरा पंपावर थांबली की तेही थांबत, पण अंतर राखून, म्हणजे कॅराव्हॅनभोवती कोण घुटमळतंय ते दिसावं. दर चढावर क्लच दाबून दाबून डाव्या पायात गोळे आले, तरी त्यांनी पाठलाग सोडला नाही.

उकैरच्या थोडं अलीकडे पोलिसांची चौकी होती. जोहराची गाडी सुटली आणि थोडं पुढे जाऊन थांबली. पिकअपपुढे मात्र हात आडवा आला.

"इकामा!"

त्यांनी इकामा, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचं कार्ड, काढून दिला. पोलीस थोडंफार हिंदी जाणत होता.

"पंपावरून फोन आला होता. एक माणूस सकाळपासून दोन बायकांच्या मागे लागलाय. दिवे मारतोय. लपून बघतोय."

"ती माझी बायको आहे!"

"सगळे असंच म्हणतात. मग तू तिच्या गाडीत का नाहीस?"

"मला ही गाडी आणायची होती."

"ही कशाला?"

"कॅराव्हॅन ओढायला."

पोलिसाने पुढे उभ्या असलेल्या कॅराव्हॅनकडे पाहिलं. पिकअपच्या रिकाम्या हूककडे पाहिलं. मग गॉगल काढून हुसेनमियाँकडे पाहिलं.

त्याने जोहराला हाक मारली. ती चालत मागे आली. वाऱ्याला इथे खारा वास होता, आणि तिचं अर्धं लक्ष तिकडेच लागलं होतं.

"बाई, या माणसाला ओळखता?"

जोहराने हुसेनमियाँना आपादमस्तक न्याहाळलं. घाम, विस्कटलेले केस, गिअरच्या दांड्यावरून अजून न निघालेला उजवा हात.

"ओळखते," ती म्हणाली. "पण तुम्ही कागद नीट तपासून घ्या. अगदी सावकाश. आम्ही पुढे जाऊन किनाऱ्यावर चहा टाकतो."

आणि ती गेलीसुद्धा!

पोलिसाने इकामा उजेडात धरला. फोटो बघितला, तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला. इकामा उलटा केला, आकडे बोटाने मोजले, आणि स्वतःच्याच मोजण्याचा संशय येऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

खरं सांगायचं तर, हुसेनमियाँना तो माणूस फार आवडला.