मिलीमीटरला दारबंदी

खापरखेड्याच्या वीजघरातले टर्नर गणपतराव यांनी मुलीचं लग्न जुळून साखरपुडा ठरताच व्याह्यासमोर छाती फुगवली. "साक्षगंधाले जावयाले बाजारचा पेन नाही देत! माझ्या लेथवर, माझ्या हातानं शिसवाचा पेन काढतो!"

इवाई गोपाळराव नुसते हसले. ते हसणं गणपतरावांना असं झोंबलं, की आता पेन झाला नाही तर मांडवात तोंड दाखवायची सोय नव्हती!

त्यांनी बाजारातून निप, टोपण आणि लाकडात बसवायची पितळी नळी आणली. शिसवाचं लाटणं स्वयंपाकघरात होतंच. बायको देवकीबाई कणीक मळत होत्या, तोवर ते परसातल्या शेडमधल्या लेथवर चढलंसुद्धा!

दोन सुताच्या, म्हणजे पाव इंचाच्या, ड्रिलनं भोक पाडलं. नळी आत जाईना. हातोडीनं ठोकली, तर लाटणं उभं चिरलं!

"नळीच बदमाश आहे!" म्हणत त्यांनी दुसरं लाटणं उचललं. आता ड्रिल अडीच सुताचं. नळी एका टोकानं आत गेली अन् दुसऱ्या टोकानं टुणकन पायावर पडली!

"गणपतभाऊ, नळी सात मिलीमीटरची आहे," शेजारचा ओमप्रकाश कुंपणावरून म्हणाला. "मेरे पास सात का ड्रिल है, ले लो ना!"

गणपतराव उसळले. "सरकारनं मिलीमीटर आणले म्हणून काय झालं? सारी जिंदगी सुतावर काम केलं गा मी! माझ्या शेडमध्ये मिलीमीटर येईन तो मी मेल्यावर!"

त्या रात्री पोळ्या बाटलीनं लाटल्या गेल्या. एकही गोल नव्हती. गणपतरावांनी त्यावरही तोंड वाकडं केलं, तेव्हा देवकीबाईंचा पारा चढला.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच शेडमध्ये आल्या. एका हातात पेटीत जपून ठेवलेलं शेवटचं लाटणं, दुसऱ्या हातात ओमप्रकाशचं ड्रिल. "हे माझ्या माहेरचं लाटणं आहे. सातचं ड्रिल लावत असान तर देतो. नाही तर हेच तुमच्या टाळक्यात घालतो!"

गणपतरावांनी ड्रिल घेतलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. भोक पडलं. नळी अशी बसली, जशी तिथेच जन्मली होती! त्याचाही त्यांना भयंकर राग आला.

साक्षगंधात पेन या हातातून त्या हातात फिरला. गोपाळरावांनी चष्मा पुसून तो न्याहाळला. "वा! काय फिटिंग आहे! किती सुताचं ड्रिल मारलं?"

ओमप्रकाश पहिल्याच रांगेत बसला होता. देवकीबाई रोखून बघत होत्या.

"सात..." गणपतराव जमिनीकडे बघत म्हणाले. "सात मिलीमीटर."

"अस्सं! आजकालचं काम करून राहिले तुम्ही! मग मले बी एक बनवून द्या ना!"

पुऱ्यांसाठी त्याच सकाळी आणलेलं नवं कोरं लाटणं देवकीबाईंनी गुपचूप पदराआड केलं.