धनराज विरुद्ध मीना

धनराजने सायबर कॅफेत शेजारशेजारची दोन मशीन मागितली, तेव्हा कॅफेवाल्या आशाताई चष्म्यावरून बघू लागल्या.

"एकट्याला दोन कशाला हो, भाऊ?"

"एकावर मी बसणार, दुसऱ्यावर माझा विरोधक."

"तो कधी येणारे?"

"मीच आहे तो."

२००७ साल होतं. सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत, नाशिकच्या सिडकोतल्या एका खोलीत राहत धनराजने तीन वर्षं एकट्याने खपून कॉम्प्युटरवरचा खेळ बनवला होता. रिकामी एसटी नाशिकहून त्र्यंबकला न्यायची. चाळीस मिनिटं. वाटेत एकही प्रवासी चढत नाही. हौशी मंडळींच्या एका मराठी संकेतस्थळाने त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ ठरवलं आणि चर्चेसाठी पान उघडलं. महिना झाला तरी पान कोरंच. बक्षिसाचं कौतुक दोन दिवसांत ओसरलं. त्याला त्या खेळाबद्दल बोलणारं एक माणूस हवं होतं, आणि तेच मिळेना.

भांडण लागलं की गर्दी जमते, एवढं तो जाणून होता. म्हणून त्याने मीना नावाची बाई तयार केली. दोन्ही नावं एकाच मशीनवरून चालवली तर पकडले जाऊ, अशी त्याची ठाम समजूत होती.

मीनाने लिहिलं, "चाळीस मिनिटं बस हाकायची आणि कोणी चढत नाही? याला बक्षीस?"

धनराजने खुर्ची सरकवली. "बाई, एकटेपणा कळायला अक्कल लागते!"

आठवड्यात गर्दी झाली. "मीनाताई, मनातलं बोललात!" "मी तर सातपूरच्या थांब्यालाच खेळ बंद केला!" मीना रोज नेमक्या चुका काढायची, कारण त्या तिच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. धनराज चिडून वाटेल ते बोलायचा.

अखेर संकेतस्थळाने त्या बक्षिसावर सभासदांचं मतदान लावलं. दहा बाजूने, दहा विरोधात, आणि मीनाचं मत बाकी. ती फिरली असती तर संशय आला असता. धनराजने डोळे मिटून विरोधात मत दिलं आणि बक्षीस गेलं.

"स्वतःच स्वतःला पाडलं?" आशाताईंनी कपाळावर हात मारला.

"काय करणार, तत्त्वाची बाई आहे ती."

त्याच आठवड्यात मीनाला खासगी निरोप आला. ओझरच्या संजना नावाच्या शिक्षिकेचा. "मी खेळाच्या बाजूने मत दिलं. पण तुमच्याइतका जीव लावून तो कोणीच खेळलेलं नाही. मीही इथे एकटीच असते. रविवारी मिसळ खायला या, खूप बोलू. त्या धनराजला मात्र सांगू नका, भारी आखडू माणूस वाटतो."

धनराजने तो निरोप चारदा वाचला. 'मीना मीच आहे,' असं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी लिहिलं, "रविवारी जमणार नाही. पण तुम्हाला खेळात काय आवडलं, ते सविस्तर लिहा ना."

अर्ध्या तासात उत्तर आलं. चांगलं लांबलचक, अगदी पहिल्या थांब्यापासून. तीन वर्षं तो ज्याची वाट बघत होता, ते सगळं त्यात होतं.

वर लिहिलं होतं, "प्रिय मीना."