तातेरावांच्या तुकड्याचं सुतक

तातेराव सकाळी दुसऱ्यांदा अंघोळ करून ओलेत्यानंच ओसरीवर आले आणि घरात सुतक असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

त्यांचा मुलगा विजयकुमार चहाचा कप खाली ठेवून उठला. "कोण गेलं, आबा?"

"मी," तातेराव म्हणाले. "म्हंजे पुण्याचा मी."

हे पुण्याचे तातेराव म्हणजे नखाएवढा एक तुकडा होता. तातेरावांच्या पोटातली कॅन्सरची गाठ काढली तेव्हा त्यांच्या परवानगीनं तिचा थोडा भाग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेला होता. तिथं त्यांची पुतणी साधना संशोधन करते. तिनं त्या गाठीतल्या पेशी वाढवल्या, जेलीसारख्या पदार्थात कालवल्या आणि प्रिंटरवर थरावर थर छापून गाठीची नक्कल उभी केली. औषध आधी या नकलेवर वापरून बघायचं, एवढी साधी गोष्ट. ती सांगून साधनानं गप्प बसायला हवं होतं. पण तिनं काकांना नकलेचा फोटो पाठवला. तेव्हापासून तातेराव रोज फोन करून "त्यानं काही खाल्लं का?" असं विचारायचे, आणि त्यांची बायको मंजुळाबाई तर त्याच्यासाठी गावाहून, म्हणजे पुसेगावहून, साजूक तूप धाडायला निघाल्या होत्या.

"आत्ता साधीचा फोन आलता," तातेराव सांगू लागले. "म्हणे, काका, औषधानं तुमचा तुकडा पार मेला! अन् वरून हसून राहिली होती पोरगी. मी फोन ठिवला अन् सरळ नळाखाली बसलो."

"आबा, उद्या तुमचा केमोचा डोस हाय! नांदेडला जायचंय. जीप सांगून ठिवली मी!"

"सुतकात वेस वलांडू काय?"

विजयकुमारनं कपाळावर हात मारून घेतला. एखादी चुकार पेशी पोटात उरली असली तर गाठ पुन्हा धरेल, डोस अजिबात चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानं साधनाला फोन लावला. ती प्रयोगशाळेत आणि फोन बाहेरच्या कपाटात, त्यामुळे तो नुसताच वाजत राहिला.

तेवढ्यात शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन हजर झाल्या, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. मंजुळाबाईंनी डोळ्याला पदर लावला. तातेराव स्वतःच्याच सुतकाची भाकरी चवीनं मोडून खात होते आणि बायका त्यांच्याकडे बघून हळहळत होत्या. विजयकुमारचं डोकं फिरायची वेळ आली.

पाठोपाठ भावकीतले देविदास तणतणत आले. "तातेराव, परवा माझ्या पोराचा साखरपुडा हाय. तुमचं सुतक भावकीला बी लागते, ध्यानात हाय ना?"

"मरण काय विचारून येते?"

देविदास खांबाला टेकून विचारात पडले. मग एकदम म्हणाले, "दात आलते का त्याला?"

"कोणाला?"

"तुकड्याला!"

"न्हाई बुवा."

"मंग झालं! दात न आलेल्या लेकराचं सुतक अंघोळीवर फिटते. तुमची अंघोळ झाली, सुतक सुटलं!"

विजयकुमारला देविदासांच्या पायाच पडावंसं वाटलं. पण मंजुळाबाई उसळल्या. "असं कसं सुटलं? ज्याच्या अंगातून निघाला त्याला नातवंडं हायेत की!"

आता तुकड्याचं वय किती धरायचं यावर वाद पेटला. शेवटी तातेरावांनी ताट बाजूला सारलं.

"सुतकाचं जाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "मागच्या डोसला माझा जीव कसा झालता तुमी पाहिलं. आता मला एवढंच सांगा, ज्या औषधानं तो मेला, तेच उद्या मला देणार ना?"

यावर देविदासांकडेही नियम नव्हता. आबा सकाळपासून नुसता हट्ट करत नव्हते, घाबरले होते, हे विजयकुमारच्या आता कुठं ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तोच साधनाचा फोन आला. सगळा प्रकार ऐकून ती ओरडलीच. "अवं काका, तो तुकडा म्हंजे तुमी न्हाई! तो तुमचा कॅन्सर व्हता! मेला तो कॅन्सर!"

"अन् मी?"

"तुमी म्हंजे गाठीच्या बाजूच्या चांगल्या पेशी. त्याबी छापल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच जगल्या. नकलेत झालं तसंच पोटात होईल, असं मी छातीठोक न्हाई सांगू शकत. पण डोस चुकवू नका!"

तातेरावांनी ताट परत पुढ्यात ओढलं. "म्हंजे आमी वैऱ्याचं सुतक धरून बसलो व्हतो?"

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसले आणि उशीर केला म्हणून विजयकुमारलाच बोलले. नांदेडला डोस झाला. परतताना आखाडा बाळापूरच्या अलीकडे खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी भडाभडा ओकारी केली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आनंदानं ओरडले, "मरून राहिला! इज्या, मरून राहिला रे!"

ड्रायव्हरनं घाबरून करकचून ब्रेक दाबला. "कोण मरून राहिलंय हो?"

विजयकुमारनं सगळं पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं. मग आबांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहून ते मिटलं.

"काही न्हाई भाऊ, तुमी चालू द्या गाडी," तो म्हणाला. "आमचा एक नातेवाईक हाय."